एकबारी रायफलचा नवा दस्ता: लाकूड, लोखंड आणि मधली काडेपेटीएवढी जागा

जुनी एकबारी रायफल, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी, कपाटातून बाहेर निघाली की घरचे आधी नळीत डोकावतात. आत गंज चढलाय का, खाचा शाबूत आहेत का. लाकडाकडे लक्ष गेलंच तर ‘याला जरा पॉलिश मारून घेऊ’ एवढ्यावर विषय संपतो. तुमच्याकडे अशी परवान्याची रायफल असेल तर ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, खिडकीपाशी न्या आणि हाताची मूठ बसते त्या निमुळत्या भागावर तिरका उजेड पडू द्या. लोखंड संपून लाकूड सुरू होतं तिथून मागे गेलेली केसाएवढी काळी रेघ दिसते का बघा. बोटाने पुसली गेली तर तो मळ. पण तेलाचा थेंब टेकवल्यावर तिने तो आत ओढून घेतला तर तो तडा आहे, आणि तड्यावर पॉलिशचा इलाज चालत नाही.

नाशिक जिल्ह्यात अशा रायफली अजून बऱ्याच घरांत आहेत. निफाड, दिंडोरी, कळवणकडच्या जुन्या शेतकरी घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आलेल्या, काही शिकारीच्या काळातल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला. आज त्या वारसा म्हणून जपल्या जातात, नाहीतर रेंजवर कागदी लक्ष्यावर चालवल्या जातात. लोखंड नीट ठेवलं तर शंभर वर्षं सहज काढतं. लाकूड मधेच दगा देतं आणि मग ‘नवा दस्ता’, म्हणजे रायफलचं लाकडी अंग, ‘बनवायचा’ अशी बोलणी सुरू होतात. बोलणी बहुतेक वेळा लाकडाच्या नक्षीवर आणि चकाकीवर अडकतात. ज्या काडेपेटीएवढ्या जागेवर सगळा खेळ आहे, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

आधी रचना समजून घेऊ. मिलिटरी फोटोंत दिसणाऱ्या, कडी मागेपुढे सरकवून भरायच्या बऱ्याच बोल्ट रायफलींचा दस्ता खांद्यापासून नळीखालपर्यंत एकसंध असतो. जुन्या एकबारी रायफलींचं तसं नाही. त्यांच्या मध्यभागी लोखंडाची एक जाड पेटी असते. नेमबाज तिला अ‍ॅक्शन म्हणतात. काडतूस ठेवायची जागा बंद करणारा ठोकळा आणि चापाची यंत्रणा तिच्यात. पेटीच्या पुढे नळी आणि नळीखाली हातात धरायचं एक छोटं लाकूड. पेटीच्या मागे खांद्यापर्यंत जाणारं मोठं लाकूड. म्हणजे दोन वेगळी लाकडं आणि मधे लोखंड.

ब्रिटिश फौजेने 1871 मध्ये घेतलेली मार्टिनी-हेन्री अशीच. खालची दांडी ओढली की मागे बिजागरीवर बसवलेला ठोकळा पुढून खाली झुकतो. जॉन फार्कर्सन या स्कॉटिश माणसाने 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत ठोकळा सरळ खाली घसरतो. ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्जच्या कारखान्याने त्यावर अतिशय देखण्या रायफली बनवल्या. अमेरिकेत जॉन ब्राउनिंगची 1879 च्या पेटंटवरची रचना विंचेस्टरने 1885 पासून विकली. फार्कर्सनच्याच वळणावर रुगर कंपनीने 1967 मध्ये ‘नंबर वन’ आणली. ठोकळे वेगवेगळे असले तरी मागचं लाकूड पेटीच्या पाठीला भिडवून धरायचं, ही अडचण सगळ्यांची एकच.

ती अडचण किती मोठी आहे ते आकड्यांत बघा. मार्टिनी-हेन्रीची गोळी 31 ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला साधारण 400 मीटर. रायफलचं वजन 3.8 किलो. गोळी पुढे जाताना रायफलला तितक्याच जोराने मागे ढकलते. फक्त गोळीचा हिशेब धरला तरी रायफल सेकंदाला सव्वातीन मीटर, म्हणजे ताशी 12 किलोमीटरच्या आसपास वेगाने मागे येते. दारूच्या वायूचा धक्का वेगळाच. देवळालीला तोफा पाहिलेल्यांना ठाऊक असेल, तिथे नळी मागे सरकते आणि हायड्रॉलिक यंत्रणा तो जोर जिरवते. रायफलमध्ये जिरवणारा तुमचा खांदा. आणि लोखंडाचा जोर खांद्याकडे नेणारं एकच काही आहे: पेटीच्या पाठीला टेकलेलं लाकडाचं तोंड. ते मापाने काडेपेटीपेक्षा फार मोठं नसतं. त्यातूनही मधे भोकं आणि खाचा गेलेल्या असतात.

हे तोंड लोखंडाला सगळीकडे सारखं टेकलेलं असेल तर लाकूड तो मार मजेत सोसतं, कारण तंतूंच्या लांबीच्या दिशेने दाबलं तर लाकूड फार भक्कम असतं. एकाच कोपऱ्यावर टेकलं असेल तर सगळा मार त्या कोपऱ्यावर, आणि मग तंतू एकमेकांपासून सुटायला लागतात. तंतू चिरडायला जितकी ताकद लागते त्याच्या मानाने ते एकमेकांपासून फाडायला फारच थोडी पुरते. सरपण फोडणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं.

लाकूड पेटीला धरून ठेवायच्या मुख्य पद्धती दोन. मार्टिनी आणि रुगरमध्ये दस्त्याच्या मागच्या टोकापासून पुढेपर्यंत आरपार भोक असतं. त्यातून लांब बोल्ट जातो आणि लाकूड पेटीवर खेचून आवळतो. ब्रिटिश फौजेच्या ली-एन्फिल्ड रायफलमध्येही हीच युक्ती होती, म्हणून तिचे मागचे दस्ते आखूड-लांब अशा वेगवेगळ्या मापांत निघायचे आणि सैनिकाच्या अंगाप्रमाणे बदलता यायचे. दुसरी पद्धत विंचेस्टर 1885 किंवा शार्प्स या अमेरिकन रायफलींची. पेटीतून मागे दोन लोखंडी जिभा निघतात, एक मुठीच्या वरून आणि एक खालून. लाकूड त्यांच्यामध्ये कोरून बसवतात आणि स्क्रूने आवळतात.

बोल्टची पद्धत कारागिराला सोपी आणि मजबूत. जिभांची पद्धत दिसायला सुरेख, पण तिच्यातच बरेच तडे जन्मतात. वरची जीभ मागे निमुळती होत जाते. ती बसवायला लाकडात तिच्याच आकाराची खाच कोरतात आणि हौशी कारागीर ती खाच अगदी फिट करतो, टोकालासुद्धा नख जाणार नाही अशी. बघणारा वाहवा करतो. बार निघाला की पेटी मागे येते, जिभेचं निमुळतं टोक लाकडात घुसतं आणि पाचरीचं काम करतं. ती काळी रेघ बरोबर जिभेच्या टोकापासून सुरू होते, ती यामुळे. जाणकार कारागीर टोकाच्या मागे मुद्दाम पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडतो. ती फट म्हणजे कामातली कसूर नव्हे. जोर पेटीच्या रुंद पाठीनेच घ्यावा आणि टोकाने कशालाच शिवू नये, यासाठी ती असते.

आता लाकूड. जगभर दस्त्यांसाठी अक्रोडाचं नाव पहिलं निघतं आणि त्याला कारण आहे. वजनाला मध्यम, घनमीटरला साधारण 640 किलो. धक्का सोसतं, आडवं कापलं तरी कडा झडत नाहीत, बारीक रेषा कोरल्या तर त्या टिकतात. आपल्याकडे ते काश्मीरचं. पण तिथे अक्रोडाचं झाड विनापरवाना तोडता येत नाही. 1969 पासून त्यासाठी कायदा आहे, त्यामुळे बिलाशिवाय ‘ओरिजिनल काश्मिरी’ म्हणून कोणी फळी दाखवली तर जरा थांबा. शिसम वजनदार, घनमीटरला पावणेआठशे किलोपर्यंत. दणकट आहे, मात्र तंतू उलटसुलट गुंतलेले असल्याने रंधा कधी मऊ चालतो, कधी कपचे काढतो. जड रायफलचा धक्का कमी जाणवतो हा त्याचा फायदा.

मग साग का नको? हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास येतो, कारण पेठ-सुरगाण्याचा साग आपल्या वाड्यांच्या खांबांत आणि तुळयांत दीडशे वर्षं उभा आहे. साग पाण्याला घाबरत नाही. आकसण्या-फुगण्यात तर अक्रोडापेक्षा साधा-सरळ. पण तो ठिसूळ. खांबावर वजन शांतपणे बसून असतं, दस्त्यावर ते हातोडीसारखं येतं. शिवाय सागात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. पटाशीची धार बघता बघता जाते आणि बारीक कोरीवकामाची टोकं उडतात. वाड्याच्या जुन्या तुळईतून दस्ता काढायची कल्पना ऐकायला फार गोड आहे. मी तिच्या विरोधात आहे.

मागच्या दस्त्याला सुमारे 45 सेंटिमीटर लांब, 16 रुंद आणि 6 ते 7 जाड असा ठोकळा लागतो. वखारीत तो निवडताना लोक पृष्ठभागावर पाणी मारून नक्षी बघतात. तुम्ही आधी कडेने बघा. मुठीच्या निमुळत्या भागातून तंतू सरळ, लांबच्या लांब गेले पाहिजेत, मुठीचाच बाक धरून थोडे वर चढत. तंतू तिथे तिरके जाऊन बाहेर निघत असतील तर लाकूड कितीही देखणं असू दे, पहिल्याच पडझडीत मूठ मोडेल. नक्षी हवी ती मागच्या रुंद भागात असू दे. तिथे लाकूड भरपूर आहे आणि ताण कमी. झाडाच्या फांदीच्या बेचक्याजवळ असा ठोकळा सापडतो, एका टोकाला वादळ आणि दुसऱ्या टोकाला सरळ रेघा. त्याला भाव जास्त पडतो. बाहेरचं फिकट लाकूड टाळा, गाभ्याचंच घ्या.

यानंतर ओलावा. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त डोकं खातो. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात येवला-नांदगावकडे त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. निफाडला डिसेंबर-जानेवारीत अनेकदा राज्यातलं सगळ्यात कमी तापमान नोंदलं जातं, तर मालेगावला मे महिन्यात चटके. लाकूड हवेशी सतत ओलाव्याची देवाणघेवाण करत असतं. हवेतली आर्द्रता 80 टक्के असली तर लाकडातलं पाणी हळूहळू 16 टक्क्यांपाशी येऊन थांबतं. आर्द्रता 30 टक्क्यांवर आली की ते 6 टक्क्यांपर्यंत उतरतं. आणि पाणी कमी-जास्त झालं की लाकूड आकसतं-फुगतं, तेही सगळ्या दिशांना सारखं नाही. लांबीला जवळजवळ नाहीच. खोडाच्या केंद्राकडून बाहेरच्या दिशेने थोडं, आणि वर्तुळांच्या दिशेने त्याच्या दीडपट-दुप्पट.

घाटावर भर पावसाळ्यात 16 टक्के ओलाव्याच्या अक्रोडात लोखंड चोख बसवलं आणि उन्हाळ्यात तेच लाकूड 8 टक्क्यांवर आलं, असं धरा. मुठीची जाडी 45 मिलिमीटर असेल तर वर्तुळांच्या दिशेने ती पाऊण ते एक मिलिमीटर कमी होऊ शकते. लोखंड मात्र होतं तेवढंच. जुन्या रायफलवर हात फिरवताना लोखंडाची कड लाकडाच्या वर आलेली बोटाला लागते ना, त्यातला बराचसा भाग हा आकसण्याचा असतो. उरलेला, कोणीतरी हौसेने सँडपेपर मारल्याचा.

म्हणून लाकूड आधी मुरवायचं. दोन्ही टोकांना मेण फासायचं, कारण पाणी सगळ्यात वेगाने टोकांतून जातं आणि तिथेच भेगा पडतात. मग हवेशीर सावलीत, पट्ट्यांवर ठेवून द्यायचं. ढोबळ हिशेब इंचाला एक वर्ष असा आहे. पण त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे वजनकाटा. ठोकळ्यावर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहीत जा. महिनोन्महिने वजन हललं नाही, की ते आपल्या हवेशी जुळलं. 8 ते 12 टक्के ओलावा कामाला चांगला. लोखंड बसवायचं बारीक काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नये. पावसाळा संपून हवा स्थिरावली की मग हात घालावा.

लाकूड मुरत असताना करायचं काम म्हणजे माप. तयार दस्ता आणि घडवून घेतलेला दस्ता यांत खरा फरक इथेच. मुख्य मापं चार, त्यांतली दोन महत्त्वाची. पहिलं, चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. मध्यम बांध्याच्या माणसाला साधारण साडेतेरा ते 14 इंच लागतं. जुन्या विलायती रायफली त्यांच्या मूळ मालकाच्या मापाच्या असतात. त्या आपल्याकडच्या बुटक्या माणसाला लांब पडतात, मग तो मान पुढे ताणून नेम धरतो. दुसरं माप उतार. नेम धरायच्या सरळ रेषेपासून, गाल टेकतो ती कड किती खाली आणि मागची टाच किती खाली. उघड्या माशीने, म्हणजे नळीवरच्या नेमाच्या खुणेने, नेम धरायचा असेल तर गालाशी दीड इंच आणि टाचेशी अडीच इंच हा जुना रिवाज. दुर्बीण बसवायची असेल तर डोळा वर येतो, मग गालाची कडही वर हवी, नाहीतर हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो.

उतार जास्त ठेवला की काय होतं? नळीचा धक्का सरळ मागे येतो, पण खांदा त्या रेषेच्या बराच खाली असतो. म्हणजे जोर वर आणि अडवणारा खाली. रायफल त्या बिंदूभोवती वर उसळते आणि गालाची कड गालफडावर बसते. ‘ही रायफल फार मारते’ अशी ख्याती असलेल्या कित्येक जुन्या रायफलींत काडतुसाचा दोष थोडा आणि उताराचा जास्त असतो. उरलेली दोन मापं म्हणजे डोळ्यासमोर नळी यावी म्हणून दस्ता कडेला किंचित झुकवणं, 3 ते 6 मिलिमीटर, आणि मागच्या टोकाचा तिरकेपणा. पॅकिंगच्या पाइनच्या फळीतून आधी कच्चा दस्ता कापायचा, पुठ्ठे चिकटवून आणि तासून माप बसवायचं, आणि त्याच्यावरून मगच चांगल्या लाकडाला करवत लावायची.

खरं काम सुरू होतं ते ठोकळा चौकोनी असतानाच. बोल्टचं आरपार भोक आणि पेटीशी भिडणारं तोंड, दोन्ही आधी. आकार दिल्यावर धरायला सरळ बाजूच उरत नाही आणि लांब ड्रिल तंतूंच्या मागे भरकटतं. चांगले कारागीर हे भोक लेथवर घेतात.

मग लोखंड लाकडात बसवायचं. सातपूर-अंबडला फिटर म्हणून काम केलेल्यांना हे लगेच कळेल. ते पृष्ठभाग स्क्रेप करताना निळा रंग लावतात, इथे बरेच कारागीर काजळी वापरतात. रॉकेलच्या चिमणीवर पेटीची पाठ धरली की तिच्यावर मखमली काळा थर चढतो. ती लाकडावर सरळ ठेवायची, लाकडी हातोडीने मागून एक हलकी टिचकी मारायची आणि न वळवता उचलायची. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तिथेच लोखंड टेकतंय. तेवढाच ठिपका धारदार पटाशीने किंवा खरवडणीने घालवायचा, तोही कागद सोलल्यासारखा. पुन्हा काजळी, पुन्हा टिचकी. सुरुवातीला दोन-तीन मोठे डाग येतात. मग ते फुटून लहान होतात आणि पसरतात. शेवटी सगळ्या तोंडावर मोहरी सांडावी तसे बारीक ठिपके दिसतात. तिथे थांबायचं.

इथे घाईच नडते. एका जागी चार कागद जास्त निघाले तर तेवढीच खोली बाकीच्या सगळ्या तोंडावर पुन्हा काढत जावं लागतं. दाबून बसवण्याचा मोहही तसाच. बोल्ट जोरात आवळला की काळा डाग सगळीकडे उमटतो आणि काम झाल्यासारखं वाटतं, पण ते लाकूड दबल्यामुळे. ढिला केला की खरं चित्र दिसतं. याच टप्प्यावर जिभेच्या टोकामागची ती पोस्टकार्डाची फटही राखायची. काजळीचा ठिपका तिथे उमटता कामा नये.

काही जण शेवटचा कागदभर भाग इपॉक्सीने, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, भरतात. लोखंडाला मेणाचा हात देऊन सांध्यात इपॉक्सी लावायची आणि दाबून ठेवायचं, आकार हुबेहूब उतरतो. जुन्या वळणाचे लोक नाकं मुरडतात. मला त्यात गैर वाटत नाही, जोरदार काडतुसाच्या रायफलला तर ते शहाणपणाचंच आहे, कारण इपॉक्सी पावसाळ्यात फुगत नाही. फक्त मेण लावायला विसरलात तर रायफल आणि दस्ता जन्माचे सोबती.

पुढच्या लाकडाचं तत्त्व अगदी उलट. मागचं घट्ट भिडलं पाहिजे, पुढच्याने नळीला छळू नये. बार निघाले की नळी तापते, लांबते, कंप पावते. खालचं लाकूड तिला एका बाजूने रेटत असेल तर पहिली गोळी एकीकडे आणि पाचवी दुसरीकडे. लाकूड पावसाळ्यात फुगलं की तो रेटाही बदलतो, म्हणजे हिवाळ्यात लावलेला नेम जुलैत हलतो. रुगर नंबर वनमध्ये हे लाकूड पेटीतून पुढे आलेल्या लोखंडी दांडीला तिरक्या स्क्रूने आवळलेलं असतं आणि त्या रायफलच्या नेमाच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात, असं माझं मत आहे. तपासायची रीत सोपी. नळी आणि लाकूड यांच्यामधून नोट सरकवून बघायची. ज्या ठिकाणी मुद्दाम टेकू दिलाय ती जागा सोडली तर ती न अडखळता सरकली पाहिजे. नाशिकरोडच्या छापखान्यातली दहाची चालेल, मोठी काढायची गरज नाही.

बाहेरचा आकार हा त्यामानाने आनंदाचा भाग. मरफ्याने आणि कानशीने लाकूड उतरवत जायचं, मध्यरेषा मात्र शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. लोखंडालगत मिलिमीटरभर लाकूड उंच ठेवायचं आणि अगदी शेवटी लोखंडाबरोबर आणायचं. सँडपेपर नेहमी ठोकळ्यावर गुंडाळून, बोटाने घासलं की मऊ भाग खोल जातात आणि उजेडात दस्ता लाटांसारखा दिसतो. 120 नंबरच्या सँडपेपरपासून 400 पर्यंत चढत गेल्यावर ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं. दबलेले तंतू उभे राहतात, वाळल्यावर ते छाटायचे. उभे राहायचे थांबेपर्यंत हे चालू.

तेल म्हणजे जवसाचं. विलायती कारागीर त्यात एका झाडाची लाल मुळी भिजत घालायचे, आपल्याकडे रतनजोत म्हणून मसाल्यांच्या दुकानात मिळते त्याच जातीची. रोगन जोशला जो रंग येतो तोच अक्रोडावर चढला की फिकट लाकूडही उबदार लालसर होतं. पहिले हात पातळ, लाकडाला पिऊ द्यायचं. नंतरचे तळहाताने चोळून, थेंबाथेंबाने, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. आठवडे जातात, दमट हवेत आणखी. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तेलाने ओलावा थांबत नाही, फक्त सावकाश येतो-जातो. म्हणूनच आतल्या बाजूंना, म्हणजे पेटीशी भिडणारं तोंड, बोल्टचं भोक आणि खांद्याला टेकणाऱ्या मागच्या पट्टीखालचं टोक, तेल किंवा पातळ वॉर्निश पाजणं बाहेरच्या चकाकीपेक्षा जास्त गरजेचं आहे. तंतूंची उघडी तोंडं तिथेच आहेत आणि दिसत नाहीत म्हणून तीच राहून जातात.

मुठीवरचं चौकडीचं कोरीवकाम सगळ्यात शेवटी येतं. इंचाला 20 ते 24 रेषा, तिरक्या दोन दिशांनी, म्हणजे मधे हिऱ्यासारखे दाणे उभे राहतात आणि घामेजलेला हात घसरत नाही. सुरुवातीच्या दोन रेषा सरळ पडल्या तर बाकीच्या त्यांच्यामागे येतात.

हे सगळं वाचून रायफल काढून सुताराकडे जाऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात, आणि शस्त्र बनवणं, बदलणं किंवा दुरुस्त करणं यासाठी वेगळा परवाना लागतो. रायफलचा तुमचा परवाना त्याला पुरत नाही. रायफल द्यायची ती परवानाधारक बंदूक कारागिराकडेच, आपल्या परवान्यासह, रीतसर नोंद करून. शंका असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा. लाकूड निवडणं, मापं घेणं आणि काम चालू असताना योग्य प्रश्न विचारणं एवढं तुमच्या हातात असतं. त्यातला पहिला प्रश्न: ‘जिभेच्या मागे फट सोडणार ना?’ समोरचा हसून ‘ती तर सोडावीच लागते’ म्हणाला तर काम निर्धास्त द्या. ‘छे, अगदी फिट करून देतो’ म्हणाला तर रायफल घरी आणा.

नवा दस्ता बसल्यावर पहिला पावसाळा जाऊ द्या आणि दिवाळीनंतर कारागिराकडून एकदा बोल्ट आवळून, काजळी लावून सांधा तपासून घ्या. लाकूड नव्या घरात रुळताना थोडं हलतंच. जुना, तडकलेला दस्ता टाकून देऊ नका. सैनिकी मार्टिनीच्या लाकडावर कारखान्याचा गोल शिक्का असतो, कधी पलटणीच्या खुणाही, आणि रायफल कुठून आली ते सांगणारा तेवढाच कागद घरात उरलेला असतो. तो सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा अडकून बुरशी येते.